कुळागरात पडलेला फणस: जागेवरच फळ्या काढाव्यात का?

कुळागरातली | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईपासून बरंच आत आमच्या आजीचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. तिथला जुना फणस जुलैच्या पावसात मुळासकट कलंडला. पोफळींच्या दोन ओळी मोडल्या आणि बुंधा पाण्याच्या पाटावर आडवा पडला. फांद्यांचं जळण झालं, बुंधा अजून तसाच आहे. सरळ भाग २.७ मीटर लांब. बुडाकडे व्यास ९५ सेंमी, शेंड्याकडे ८२. मध्ये पोकळ नाही, दोन्ही टोकं पिवळीधमक आहेत.

एक लाकूडवाला येऊन बघून गेला. क्रेन आत येणार नाही, तीन-तीन फुटांचे तुकडे करून जळणाच्या भावात नेतो म्हणाला. मला ते सहन होत नाही. या झाडाचे गरे खाऊन आमच्या घरातल्या तीन पिढ्या वाढल्या. माजघराची चौकट वाळवीने खाल्ली आहे, उंबरा झिजला आहे. ती चौकट, उंबरा आणि एक दार याच लाकडाचं व्हावं असं मनात आहे.

मावसभावाकडे ९१ सीसीचा चेनसॉ आहे, ३६ इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). त्याला मिलची चौकट लावून जागेवर फळ्या काढता येतात असं ऐकलं. ९५ सेंमीच्या ओंडक्याला हे जमेल का? कोणी केलंय?

राजापूरकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, स्पष्ट सांगतो. चेनसॉ प्रत्येक कापाला जवळजवळ १० मिमी लाकडाचा भुसा करतो. बँडसॉ खातो ३ मिमी. बारा काप धरले तर ८ सेंमीहून जास्त फरक, म्हणजे ५० मिमीच्या दीड फळ्या भुशात गेल्या. शिवाय ३६ इंची बारमध्ये तुमचा ओंडका मावतच नाही. मिलच्या दोन्ही टोकांच्या पकडी बारवर जागा खातात, हातात ७५ ते ७८ सेंमी उरतात. कसंही करून बाहेर काढा आणि आरागिरणीवर न्या.

मेस्तांचा नातू | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

बाब, बाहेर काढायचा कसा ते सांगा. या मापाचा ओला फणस दीड टनाच्या वर भरतो. कुळागराच्या पायऱ्यांवरून तो ओढला तर पाट फुटणार, आणखी पोफळी जाणार.

आमच्या आजोबांच्या काळी ओंडका झाडाकडून माणसाकडे जात नसे, माणूस करवत घेऊन झाडाकडे जाई. खड्ड्यावर ओंडका, एक गडी वर, एक खाली, आणि सुताची दोरी काळ्या रंगात बुडवून मारलेली रेघ. डिचोलीतल्या आमच्या घराचे वासे असेच जागेवर कापलेले आहेत. चेनसॉ मिल हे त्याच कामाचं आजचं रूप आहे.

बाये, फळ्या कधी का काढेनास, टोकं आज बंद कर. चार महिने उघडी आहेत ना? भेगा सुरू झाल्या असतील. तेवढा भाग छाटून ताज्या कापावर वितळलेलं मेण किंवा ऑइल पेंटचे दोन जाड हात दे. पूर्वी शेण लिंपायचे तेही याचसाठी. पाणी टोकांतून फार भरभर निघतं, मधल्या लाकडातून सावकाश, आणि त्या ओढाताणीत लाकूड फाटतं.

वनखात्यातला निवृत्त | १० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

करवत लावण्याआधी कागद करा. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. उभं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. वाऱ्यापावसाने पडलेल्या झाडाचं मात्र कोणी कळवत नाही, आणि पुढे झाड पडलं की पाडलं हा प्रश्न उभा राहतो. मुळं अजून वर दिसत असतील तर आजच फोटो काढा, मोजमाप लिहा आणि जमिनीच्या कागदासह वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी द्या. पोच घ्या. फळ्या कुळागराबाहेर गाडीने न्यायच्या असतील तर ट्रान्झिट पासचं त्याच अर्जात विचारा.

आणखी एक. स्वतःच्या घरासाठी स्वतःचं झाड कापणं वेगळं आणि मिल घेऊन गावोगाव पैशांवर फळ्या काढणं वेगळं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिले, तेव्हापासून आरागिरण्यांच्या परवान्यांवर कडक नजर आहे. मावसभावाला यातून धंदा सुचला तर आधी खात्याला विचारू दे.

पाचरवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी सांग्यात असतो. गेली काही वर्षं अलास्कन मिल, म्हणजे चेनसॉच्या बारला लावायची तीच चौकट, वापरतो. आंबा, फणस, चिंच, सातवीण, दोनदा माट्टी. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये आमच्या बाजूला इतकी झाडं पाडली की त्या एका वर्षात माझा हात बसला. ताई, तुमचं काम होण्यासारखं आहे. जरा लांब लिहितो.

राजापूरकरांचा आकडा बरोबर आहे, हातात ७८ सेंमी धरा. पण ओंडका गोल असतो, हे लक्षात घ्या. दोन बाजूंनी प्रत्येकी साडेआठ सेंमी जाडीचे पाठे (सालीकडचे बाहेरचे काप) काढले की मधल्या भागाची रुंदी उरते ७८. आणि ते पाठे काढताना कापाची रुंदी किती येते? बुडाकडे मोजली तरी ५४ सेंमी. म्हणजे तुमचा बार सहज पुरतो. क्रम असा: पहिला पाठा वरून काढा. ओंडका पूर्ण उलटा करा, दुसरा पाठा वरून काढा. मग पाव वळण द्या, सपाट बाजू उभ्या येतील. आता वरून खाली फळ्या काढत जा, कुठेच ७८ च्या पुढे जावं लागणार नाही.

दीड टन वळवायचं म्हणजे पहारी, चेनपुली आणि चार शहाणी माणसं. पुली जिवंत आणि जाड झाडाला बांधा, पोफळीला नको. ओंडका वळतो त्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. दर वळणाला आधी पाचर, मग हात.

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा. मिल वरच्या पृष्ठभागावर टेकून सरकते, म्हणून पहिल्या कापाला सरळ पाठ बाहेरून द्यावी लागते. ॲल्युमिनियमची सरळ शिडी किंवा लोखंडी चौकोनी नळ्यांची जोडी ओंडक्यावर स्क्रूने बसवा. दोन्ही टोकांना पाणसळ लावा. एक टोक एका बाजूला कलंडलेलं आणि दुसरं दुसऱ्या बाजूला, असं झालं तर पहिला पृष्ठभाग पिळलेला येतो आणि तो पीळ पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो. मी याला अर्धा दिवस देतो. स्क्रूची टोकं कापाच्या रेषेच्या वर किमान दोन बोटं राहिली पाहिजेत.

ओंडक्याला थोडा उतार द्या, बुडाकडचं टोक वर. उतारावरून खाली कापत आलं की मशीनचं वजनच पुढे ओढतं, तुम्हाला ढकलावं लागत नाही. कापात दर दोन फुटांवर पाचर सारत या, नाहीतर वरची फळी खाली बसून बार धरते. पाचर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, लोखंडाची कधीच नाही.

चेन. बाजारात मिळते ती आडव्या कापाची, तिच्या दाताचा वरचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. उभ्या कापाला १० अंशांची रिपिंग चेन हवी. ती मिळाली नाही तर आहे तीच चेन दर धारेला थोडी थोडी करून १० वर आणता येते. ३/८ पिचच्या चेनला कानस ५.२ मिमीची. दातापुढचा उंचवटा ०.६५ मिमी खाली असावा, सगळ्या दातांचा सारखा. पाठ्यांच्या अरुंद कापांना दर दोन कापांनंतर धार केली तरी चालेल, पण रुंद फळ्यांना प्रत्येक फळीनंतर धार करा, चेन बरी वाटत असली तरी. भुशाकडे लक्ष ठेवा. उभ्या कापाचा भुसा बारीकच असतो, पण त्याची पिठी होऊन धूर यायला लागला तर चेन बोथट झाली समजा. बोथट चेन दाबून चालवली की बार तापतो, काप पोट काढतो आणि इंजिन भाजतं.

इंजिनसाठी: पेट्रोल-तेल कंपनी सांगेल त्या प्रमाणात, बहुतेकांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. ३६ इंची बारच्या टोकापर्यंत मशीनचं स्वतःचं तेल कमी पोचतं, म्हणून टोकाकडे वेगळी तेलाची बाटली थेंबथेंब गळती लावा. काप संपल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर रिकामं फिरू द्या.

कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क, पायाला चेनसॉची पँट. तुम्ही धुराड्यापाशी वाकून दहा-दहा मिनिटं असता, म्हणून वारा धूर तुमच्यापासून दूर नेईल असं उभं राहा. एकट्याने अजिबात करू नका.

कुळागरातली | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

पाचरवाला दादा, कागदावर वर्तुळ काढून माप घेतलं, ५४ च आलं! अर्ज आज दिला, पोच मिळाली. मेस्तांच्या सांगण्याप्रमाणे टोकं छाटून मेण लावलं. भेगा चार बोटांपर्यंतच होत्या.

चौकटीला जाड लाकूड लागेल ना? सगळ्याच फळ्या ५० मिमीच्या काढू की काही जाड ठेवू?

मेस्तांचा नातू | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चौकटीसाठी १०० मिमीच्या दोन फळ्या ठेव. सुकताना आखडणार, रंधा खाणार, हाती ७५ × १०० सुखाने येईल. त्या ओंडक्याच्या मध्यापासून जरा बाजूच्या घे. अगदी मधला तो बोटाएवढा ठिपका ज्या लाकडात राहील ते लाकूड फाटणारच, त्यावर औषध नाही. मधली फळी निघाली की ठिपक्यावरून उभी चिरून दोन अरुंद फळ्या कर. त्यांच्या वाढीच्या रेषा उभ्या येतात, दाराच्या झडपेला तशाच हव्यात. लाकूड रेषांच्या दिशेने जितकं आखडतं त्याच्या निम्म्यानेच आडवं-आत आखडतं, म्हणून उभ्या रेषांची फळी पावसाळ्यात कमी फुगते. गोव्यात दार श्रावणात अडकतं आणि चैत्रात खुळखुळतं, ते याच कारणाने.

चिऱ्याचं घर | १३ नोव्हेंबर, दुपारी २:३०

एवढा रुंद फणस आणि त्याच्या चौकटी? ७८ सेंमी रुंदीची सालीसकट अखंड फळी ठेवा, राळ ओतून जेवणाचं टेबल होईल. अशा फळीला खूप मागणी आहे.

कुळागरातली | १३ नोव्हेंबर, रात्री ८:००

मागणी असेलही. पण आमच्याकडे अजून पाटावर बसून जेवतात, आणि हे झाड मला विकायचं नाही. एक रुंद फळी मात्र ठेवीन, देवघरासमोरच्या बाकासाठी.

पाचरवाला | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२५

बाकाला ठेवाल त्या फळीची साल काढा. सालीखाली भुंगा अंडी घालतो. फणसाचा पिवळा गाभा वाळवी आणि भुंग्याला फारशी दाद देत नाही, पण सालीखालचा फिकट भाग त्यांना पक्वान्न आहे. ज्या फळीत तो राहील तिला कापल्याबरोबर बोरिक ॲसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने भरपूर पाजा.

काणकोणचा माट्टीवाला | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

धाग्यात घुसतो, क्षमस्व. आमच्याकडे माट्टीचा ७० सेंमीचा ओंडका आहे, परवानगीचा. हीच पद्धत चालेल का?

पाचरवाला | १५ नोव्हेंबर, रात्री १०:००

पद्धत तीच, लाकूड निराळं. माट्टी म्हणजे घाटावरचा ऐन. सुकल्यावरही फणसापेक्षा कितीतरी जड. बुंध्यात पाणी साठवतो, उन्हाळ्यात कापलात तरी धार लागू शकते. लाकडात चुन्याचे कण असतात आणि ते धार खातात, तेव्हा दोन चेन तयार ठेवा. इथे धार प्रत्येक कापाला, आणि एखाद्या लांब कापात मध्येच थांबूनही. सुकताना वरवर बारीक चिरा फार पडतात, म्हणून पहिले दोन महिने वारा कमी लागेल अशा सावलीत ठेवा. ९१ सीसीवर ७० चा माट्टी कापता येतो, पण घाई केलीत तर मशीन जाईल.

कुळागरातली | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

झालं! चार दिवस लागले. मावसभाऊ, त्याचे दोन मित्र, शेजारचे काका आणि मी.

पहिला अख्खा दिवस शिडी, पाणसळ आणि ओंडका उचलून ओंडकुल्यांवर घेण्यात गेला. एकही काप झाला नाही. मित्र कंटाळले, पण भाऊ हट्टाने बसला. दुसऱ्या दिवशी पहिला पाठा उचलला, तेव्हा खालचं पिवळं लाकूड बघून आई पाटाच्या कडेला बसून राहिली. हळदीचा रंग, आणि वासही गोडसर, पिकल्या गऱ्याची आठवण करून देणारा.

वळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. काकांनी पाचरांवर लक्ष ठेवलं, एकदा पहार निसटली तेव्हा पाचरेनेच ओंडका धरला. तिथून पुढे कोणाला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी, चौथ्या फळीत ठिणगी. भावाने तत्क्षणी थांबवलं. आत खिळा होता, आणि त्याच्याभोवती लाकूड काळंनिळं. आजोबांनी कधीतरी दिवा टांगायला मारलेला असणार, झाडाने तो पोटात घेतला. चेनचे नऊ दात गेले, धारेला दीड तास गेला. ज्यांच्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे त्यांनी ते आधी फिरवावं, विशेषतः घराजवळच्या झाडावर. सालीतले चिऱ्याचे खडे आम्ही तारेच्या ब्रशने काढले होते, ते मात्र बरं झालं.

एका रुंद कापाला दहा ते बारा मिनिटं लागली. १०० मिमीच्या दोन, ५० मिमीच्या सात, शिवाय मधली चिरून दोन अरुंद. दोन्ही पाठ्यांतून गणपतीवर टांगायच्या माटोळीची नवी चौकट आणि पाट निघतील. ५० च्या फळ्या दोघांनी खांद्यावर बाहेर आणल्या, जाड फळ्यांना चौघे लागले. एकही पोफळ मोडली नाही.

आता सुकवणीचं सांगा.

मेस्तांचा नातू | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

शाब्बास बाये! अर्धं काम झालं, उरलेल्या अर्ध्याला मशीन नाही.

जागा छपराखालची, दोन बाजूंनी वारा खेळता, ऊन नको. जमिनीपासून हातभर वर, चिऱ्यांच्या तीन-चार ओळी एका पातळीत. ही पातळी चुकली तर फळ्या तशाच वाकून सुकतील. फळ्यांच्या मध्ये आडव्या पट्ट्या, २५ मिमीच्या, कोरड्या लाकडाच्या, दर ४५ सेंमीवर. सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाखाली एक, बरोबर चिऱ्यांच्या वर. ओल्या पट्ट्या ठेवल्यास तर त्यांच्या खुणा लाकडात कायमच्या राहतात. सगळ्यात वर वजन ठेव, चिरेच ठेव. ताडपत्री गुंडाळू नकोस, आत बुरशी धरेल.

किती दिवस? जुनं माप इंचाला एक वर्ष. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर लाकूड सुकत नाही, उलट ओल घेतं. म्हणून ५० मिमीच्या फळीला दोन उन्हाळे धर, चौकटीच्या फळ्यांना चार. हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १४ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, भर पावसात ९० टक्क्यांना ते २० कडे सरकतं. त्यामुळे आपल्या घराच्या दाराला कारखान्यातलं ८ टक्क्यांचं लाकूड आणून उपयोग नाही, ते पहिल्याच पावसात फुगणार.

ओल मोजायचं मीटर नसेल तर फळीचा हातभर तुकडा, टोकांना मेण लावून, ढिगातच ठेव. महिन्यातून एकदा काट्यावर तोल. वजन उतरायचं थांबलं की पातळ फळ्यांचं समजलं.

राजापूरकर | ९ डिसेंबर, दुपारी १:००

ताई, अभिनंदन. मी आरागिरणीचं म्हटलं होतं, पण पोफळी आणि पाट वाचले हे मोठं. आमच्याकडे आंब्याचा एक बुंधा असाच अडचणीत आहे. शिडी कोणत्या मापाची वापरलीत?

कुळागरातली | ९ डिसेंबर, रात्री ९:००

तीन मीटरची, ओंडक्यापेक्षा फूटभर लांब. दोन्ही टोकांना जास्तीची हवीच, नाहीतर मिल काप सुरू होताना आणि संपताना खाली झुकते. आमच्या दुसऱ्या पाठ्याला शेवटी खळगा पडला तो याचमुळे, शिडी मागे सरकली होती.

कुळागरातली | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

तुकड्याची वजनं: डिसेंबर ५.४ किलो, जानेवारी ४.९, फेब्रुवारी ४.६, मार्च ४.४५, आज ४.३५. एका रुंद फळीला टोकाकडून वीतभर भेग गेली, मेण तिथे नीट बसलं नव्हतं. बाकीच्या सरळ आहेत. हळदीचा रंग आता मधासारखा झाला आहे.

पावसाआधी ढीग सोडून पट्ट्या तपासाव्यात का, की हात लावू नये?

मेस्तांचा नातू | २७ एप्रिल, रात्री ८:१०

सोडू नकोस. फक्त वरचे चिरे सारखे बसलेत का बघ आणि पावसाची झड ज्या बाजूने येते तिथे झावळ्यांचा आडोसा कर. पुढचं वजन गणपतीची चवथ झाल्यावर टाक.